डबी थंडीतच लागायची

निफाड तालुक्याची थंडी पेपरात छापून येते. डिसेंबर लागला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा रोज बातमी होतो, आणि तो पाचाच्या खाली उतरला की पिंपळगावच्या टपरीवर चहा पिणारी माणसंही जरा गप्प होतात. द्राक्षवाल्याला तो आकडा सरळ पैशांत कळतो. मण्यांची फुगवण थांबते, साखर उतरायला वेळ लागतो, फार कडाका पडला तर तयार मणी तडकतात. मग रात्रभर बागेत शेकोट्या पेटवायच्या, धूर धरून ठेवायचा, पहाटे बोअरचं पाणी सोडायचं. आमच्याकडेही हेच चालायचं. अण्णा कानाला मफलर गुंडाळून बांधावर उभे, आणि दादा दोन ओळींमध्ये काटक्या रचतोय. पण शेकोटीपाशी बसलेल्या दादाच्या चेहऱ्यावर काळजी कधी दिसली नाही. उलट स्वारी खूष असायची. हात शेकता शेकता हळूच मला म्हणायचा, "आज डबी लागणार बघ."

हे अण्णांच्या कानावर गेलं असतं तर त्या रात्रीच्या जळणात गिटारही गेली असती.

डबी म्हणजे त्याचा फझ, गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं पेडल. निफाड फाट्यावरच्या ग्रिलवाल्याकडून पत्रा वाकवून घेतलेली चौकोनी पेटी, वर दोन बटणं, मध्ये पायानं दाबायचा खटका. आत दोन ट्रान्झिस्टर, तीन कपॅसिटर, चार रेझिस्टर. बटणं धरून अकरा वस्तू, बस्स. लंडनला आर्बिटर कंपनीनं १९६६ साली फझ फेस नावाचं गोल पेडल काढलं, त्याचंच हे सर्किट. मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्यानं आपलं पेडल उघडून दाखवलं आणि दादानं जवळ होता त्या कागदावर ते उतरवून घेतलं. तो कागद म्हणजे टोमॅटोची पट्टी होती. एका बाजूला जाळ्या, वजन, हमाली, तोलाई, आणि मागे बॅटरीची अधिक बाजू जमिनीला जोडलेलं एक उलटं वाटणारं सर्किट. पट्टीवरची रक्कम काही फार नव्हती. मागची बाजू मात्र त्यानं जन्मभर सांभाळली.

थंडीचं गुपित ट्रान्झिस्टरमध्ये होतं. ते जर्मेनियमचे. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. त्यातून मुळातच थोडा करंट गळत असतो, आणि हवा दहा अंशांनी तापली की ही गळती जवळजवळ दुप्पट होते. मग आतलं सगळं गणित सरकतं. डिसेंबरच्या रात्री जाड, गोल, लांबपर्यंत ओढला जाणारा आवाज देणारी डबी मे महिन्यात थुंकल्यासारखी तुटक वाजायची, कधी तोंडच उघडायची नाही. आणि दादा वाजवायचा वरातींत; लग्नं नेमकी मे महिन्यात! दादा ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायचा. वरातीत कुल्फीवाला दिसला की त्याच्या पेटीच्या झाकणावर डबी ठेवून दहा मिनिटं उभा राहायचा. कुल्फीवाल्यांना वाटायचं, हा काहीतरी दारूगोळ्याचा प्रकार आहे.

ट्रान्झिस्टर निवडले ते रेडिओवाल्या भाऊंनी. सगळं गाव त्यांना भाऊच म्हणायचं. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक परत न्यायला न आलेले रेडिओ छतापर्यंत रचलेले असत. त्यातल्या मेलेल्या ट्रान्झिस्टर रेडिओंमधून भाऊंनी एसी १२८ उपटून काढले, मुठीत घेतले आणि एकेक मीटरवर लावत गेले. बहुतेक बाद झाले. दोन उरले, त्यांवर बीईएलचा शिक्का होता. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा बंगळूरजवळच्या जालहळ्ळीचा कारखाना. तिथे फिलिप्सच्या मदतीनं १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह निघू लागले आणि पुढच्याच वर्षी जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर. दादाच्या अँपमधले व्हॉल्व्हही बीईएलचे होते. म्हणजे लंडनच्या आवाजामागे धावणाऱ्या आमच्या घरात आवाज फाडणारी वस्तू आणि फाटलेला आवाज गोड करणारी वस्तू, दोन्ही एकाच सरकारी कारखान्यातून आलेल्या. दादाला याचा फार अभिमान होता. कुणी परदेशी पेडलची बढाई मारली की तो डबी उलटी करून, स्क्रू काढून, शिक्का दाखवायचा.

अँप मुळात लाउडस्पीकरवाल्याचा. पत्र्याची करडी पेटी, पुढे दोन भोकं, एकावर मायक्रोफोन आणि दुसऱ्यावर ग्रामोफोन असं रंगवलेलं. आत दोन ईसीसी ८३, शेवटी ईएल ८४ ची जोडी. फार तर पंधरा वॅट. गावानं ट्रान्झिस्टरचे मोठे अँप घेतले आणि हा अडगळीत गेला, तो दादानं उचलला. भाऊंनी त्याचे कपॅसिटर बदलले. त्या वेळी त्यांनी मला स्टुलावर बसवून एक नियम सांगितला होता: व्हॉल्व्हच्या पेटीत हात घालायचा तर दुसरा हात खिशात. आत तीनशे व्होल्ट असतात, स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते दबा धरून बसतात, आणि दोन्ही हात आत असले तर वाट छातीतून जाते. भाऊ स्वतः तसेच काम करत. डावा हात लेंग्याच्या खिशात, उजव्या हातानं डाग देत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

कर्ण्यावर गिटार ऐकवत नाही. कर्णा मधला आवाज तेवढा भोसकत पुढे ढकलतो, त्यात फझ घातला की कान किटतात. म्हणून भाऊंनी कागदी पडद्याचा बारा इंची स्पीकर एका लाकडी खोक्यात बसवला. कागदी पडदा फार वरचे स्वर सोडून देतो आणि फझची किरकिर तिथेच मरते. जुन्या स्पीकरचा पडदा चिरलेला होता, तो भाऊंनी मलमलीची पट्टी आणि फेविकॉल लावून सांधला. तिकडे विलायतेत १९६४ च्या सुमारास किंक्सच्या डेव्ह डेव्हिसनं आवाज फाटावा म्हणून चांगल्या स्पीकरचा पडदा ब्लेडनं कापला होता. हे मी फार नंतर वाचलं आणि दादाला सांगितलं. तो म्हणाला, "भाऊंना सांगू नको. त्यांना झोप लागायची नाही."

आवाज फाटण्याचा हा सगळा शौकच अपघातातून आला आहे. नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सचं एक गाणं ध्वनिमुद्रित होत होतं. ग्रेडी मार्टिनचं बास गिटार ज्या वाटेनं जात होतं तिथला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि सूर भसाडा, दाट होऊन बाहेर आला. त्यांनी तो तसाच ठेवला. गाणं १९६१ साली आलं, चाललं, आणि ग्लेन स्नॉडी नावाच्या ध्वनिमुद्रकानं तो बिघाड ट्रान्झिस्टरवर मुद्दाम घडवून आणणारं सर्किट बांधलं. गिब्सननं १९६२ मध्ये ते माएस्ट्रो फझ-टोन म्हणून विकायला काढलं. जाहिरात अशी, की गिटारवर तुतारीसारखे, सॅक्सोफोनसारखे आवाज काढा. लोकांनी पाठ फिरवली. रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये १९६५ साली कीथ रिचर्ड्सनं ते वाजवलं तेव्हा कुठे दुकानातले खोके उठले.

आमच्याकडे मात्र ही गोष्ट सांगायची तर 'नागीन'पासून सांगावी लागेल. १९५४ चा सिनेमा, हेमंतकुमारांचं संगीत, आणि साऱ्या देशाला डोलायला लावणारी ती पुंगी. पुंगी नव्हतीच ती. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर तो सूर काढला होता, रवींनी हार्मोनियमची साथ दिली होती. क्लॅव्हिओलिन व्हॉल्व्हवर चालायचं. त्यामुळे वरातीत रुमालाचं टोक दातात धरून जमिनीवर लोळणारा माणूस खरं म्हणजे व्हॉल्व्हच्या गुणगुणण्यावर लोळत असतो, आणि आजवर लोळत आला आहे.

दादाची बँजो पार्टी. विजेवर चालणारं बुलबुल तरंग म्हणजे आमचा बँजो. तोच वरातीचा राजा. त्याच्यामागे ढोल, ताशा, खुळखुळा, आणि ट्रॉलीवर जनरेटरच्या बाजूला गिटार घेतलेला दादा. गिटारला फारसं काम नसायचं. हॉर्नच्या कल्लोळात त्याचे कॉर्ड कुणाला ऐकू जाणार? पण 'नागीन'ची फर्माईश आली की बँजोवाला स्वतः मागे वळून त्याला खूण करायचा. दादा डबी दाबायचा. बँजोवर नागीन ठोके देत जाते, सूर तुटतो. फझमध्ये सूर विझत नाही. आणि दादाची करंगळी गिटारच्या व्हॉल्यूमच्या बटणावर फिरायची. गारुडी गाल फुगवतो आणि सोडतो, तो श्वास तो करंगळीनं घ्यायचा. चिंचखेड चौफुलीवर एकदा एक सत्तरीचे बाबा काठी टाकून रस्त्यावर बसले होते, फणा काढून. मागे ट्रकची रांग, ड्रायव्हर शिव्या देतायत, नवरदेव घोड्यावर घामाघूम, आणि दादा काही सूर सोडेना.

हा करंगळीचा खेळ अँपवाचून जमला नसता, आणि इथेच या विषयाची खरी मेख आहे. नुसता फझ ट्रान्झिस्टरच्या स्वच्छ अँपला लावा: गांधीलमाशी काचेवर आपटत राहते. नुसता व्हॉल्व्हचा अँप पूर्ण पिळा: आवाज भरतो, जाड होतो, पण भजनी मंडळाला शोभेल इतपतच बिघडतो. अँप अशा जागी आणून ठेवायचा की हळू छेडलं तर स्वच्छ आणि जोरात छेडलं तर कडा जराशा फाटलेल्या. मग फझनं चिरून दिलेले सुराचे चौकोनी कोपरे व्हॉल्व्ह घासून गोल करतात. त्यावर गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला, की फझ चालू असूनही आवाज निवळतो, काचेसारखा होतो, आणि भावगीताला चालतो. एक डबी, एक अँप, आणि पाय न हलवता तीन-चार तऱ्हेचे आवाज. त्याच अँपवर गणपतीत आरतीचा माइक लागायचा, सप्ताहात हार्मोनियम. आईच्या दृष्टीनं तो आरतीचाच अँप होता, दादा तो मधल्या काळात वापरायला नेत असे.

मग ओव्हरड्राइव्ह आला. बॉसचं पिवळं एसडी-१, मुंबईहून जुनं घेतलेलं. लॅमिंग्टन रोडला सुटे भाग आणायला गेला आणि ते घेऊन आला; अण्णांना सांगितलं, फवारणीच्या पंपाचा पार्ट आहे. वरातीत नुसता फझ हरवतो, कारण त्याच्यात खर्ज आणि किरकिर भरपूर आणि मधला भाग पोकळ, आणि माणसाचा कान गर्दीत मधलाच भाग शोधतो. ओव्हरड्राइव्ह खर्ज थोडा छाटतो, मधला भाग वर उचलतो, आणि ताकद वाढवून अँपच्या पहिल्या व्हॉल्व्हला धक्का देतो. दादा त्याचं ड्राइव्हचं बटण जवळजवळ बंद ठेवायचा आणि लेव्हल वर. फाडायचं काम डबीचं, ढकलायचं काम पिवळ्याचं, शिजवायचं अँपचं.

क्रमही ठरलेला. आधी डबी, मग पिवळं. उलटं केलं की करंगळीची जादू गेली. बॉसचं पेडल बंद असतानाही सिग्नल आपल्या बफरमधून पुढे सोडतं, आणि या जातीच्या फझला गिटारची तार थेट हातात लागते. मध्ये बफर आला की तो गिटार ओळखत नाही, व्हॉल्यूम उतरवूनही निवळत नाही. भाऊंनी हे कागदावर गणितानं दाखवलं. दादाला ते गणित कधी कळलं नाही. "मधी माणूस नको" एवढं त्यानं लक्षात ठेवलं.

आणखी एक घटक होता, तो कुणाच्याच हातात नव्हता. संध्याकाळी शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की गावातलं व्होल्टेज बसायचं. बल्ब पिवळे पडायचे, व्हॉल्व्हमधला लाल दोरा मंद व्हायचा, आणि अँप लवकर, मऊ फाटायला लागायचा. अमेरिकेत एडी व्हॅन हेलन व्हेरिअॅक लावून मार्शल अँपचं व्होल्टेज मुद्दाम उतरवायचा. त्या आवाजावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. आमच्याकडे फीडरवरच्या पाणबुड्या मोटारी ते फुकट करून द्यायच्या. डिसेंबरची थंडी आणि दबलेलं व्होल्टेज एकत्र आले, की गोठ्याशेजारच्या खोलीतून जो आवाज यायचा तो मी पुढे कुठल्याही कॅसेटवर, सीडीवर, नाशिक-पुण्याच्या कार्यक्रमांत ऐकला नाही. ही भावाची माया असेल. पण मला गाण्यातलं थोडं कळतं, आणि मी ती माया वजा करून बोलतो आहे.

डीजेच्या भिंती आल्या आणि बँजो पार्ट्या मोडल्या. ट्रॉलीवर माणसं बसायची तिथे स्पीकर बसले. दादानं तक्रार केली नाही. बाग वाढवली, निर्यातीच्या मागे लागला, औषधांच्या हिशोबाची वही ठेवू लागला. भाऊंचं दुकान मोबाइलवाल्यानं घेतलं. भाऊ गेले तेव्हा त्यांच्या खोक्यांतले व्हॉल्व्ह भंगारवाल्यानं किलोवर नेले. दादाला कळेपर्यंत ट्रक चांदवडच्या पुढे गेला होता.

दादा गेला गोडी छाटणीच्या दिवसांत. सकाळी मजुरांना ओळी वाटून दिल्या, पाणी प्यायला शेडमध्ये आला आणि बसल्या जागी कलला. आम्ही गाडीत घातलं. ओझरच्या अलीकडेच सगळं संपलं होतं. त्या आठवड्यात बागेत छाटणी अर्धवट राहिली होती. शेजारच्या मळ्यांतली पोरं आली आणि न सांगता ती पुरी करून गेली.

त्याच्या आवाजाची खूण म्हणून एक कॅसेट आहे. टू-इन-वनमध्ये खोलीतच भरलेली. मी ती संगणकावर घेतली, कितीदा ऐकली. तिची एक गंमत आहे, आणि ती गंमत मला सोसत नाही. टू-इन-वनचा माइक तो आवाज पेलू शकला नाही. त्यात आवाजाची पातळी आपोआप खालीवर करणारं सर्किट असतं. दादानं जोर लावला की ते दडपतं, दादा थांबला की पंख्याची घरघर वर आणतं. त्यामुळे त्या कॅसेटवरचं किती फाटणं डबीचं, किती व्हॉल्व्हचं आणि किती त्या बिचाऱ्या माइकचं, हे वेगळं करता येत नाही. मध्येच आईचा आवाज येतो, "अरे पुरे, म्हैस पान्हा चोरते." तो तेवढा स्वच्छ आहे.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्यानं माळ्यावरून सगळं खाली काढलं. तो मोबाइलवर गिटार वाजवतो. ॲपमध्ये शंभर अँप आहेत, त्यात फझ फेसही आहे, तो बाराही महिने सारखाच वाजतो. चांगला वाजतो, उगाच नावं का ठेवू? पण त्याला बापाचा आवाज पाहिजे होता. ईएल ८४ ची एक नळी मेली होती. आता बीईएल ते काढत नाही. स्लोव्हाकियाची जोडी मागवली. अँप पेटला. बटणांभोवती वहिनींच्या नेलपॉलिशचे ठिपके अजून होते: अँपचं कुठे, डबीचं कुठे, पिवळ्याचं कुठे. त्यानं सगळी बटणं ठिपक्यांवर आणली आणि वाजवलं. दादासारखं वाजलं नाही.

"काका, पप्पा गिटारचं बटण कितीवर ठेवायचे?"

काय सांगणार? त्या बटणाला ठिपका नव्हताच. ते एका जागी कधी राहिलंच नाही. वहिनींनी बाकी सगळ्यांना रंग लावला होता तो दादानं सांगितला म्हणून, आणि दादाला स्वतःला हे बटण आपण फिरवतो याची जाणीव होती की नाही, याचीच मला शंका आहे. मी पुतण्याला म्हटलं, करंगळीनं फिरवत राहा. त्यानं फिरवून पाहिलं. त्याची करंगळी आखूड आहे, वहिनींवर गेली आहे.

त्यात मे महिना. डबी थुंकायला लागली. पुतण्यानं मीटर लावला. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर नऊचे निम्मे, साडेचार व्होल्ट हवेत, आकडा भलतीकडेच गेला होता आणि आमच्या डोळ्यांदेखत सरकत होता. तो म्हणाला, सिलिकॉनचे टाकू. बीसी १०८. नंतरच्या फझ फेसमध्ये तेच असायचे, गरमीत हलत नाहीत, आवाज जरा तिखट होईल एवढंच. बॅटरीची उलटी जोडणीही सुलटी करता येईल.

मी नाही म्हटलं. जरा आवाज चढवूनच म्हटलं. ते भाऊंनी मुठीत तोलून घेतलेले होते, बीईएलचा शिक्का होता, त्याच दोन ट्रान्झिस्टरांमधून दादाचा... असं बरंच काही. पुतण्या खाली बघत गप्प राहिला. वहिनी ओट्यावर मेथी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बदल रे तू. दर उन्हाळ्यात ह्यांची चिडचिड मी काढली आहे. माठाचं फडकं मीच पिळायचे, आणि शिव्या मला बसायच्या."

पुतण्यानं सोल्डरिंगची पिन लावली.

"आणि निघतील ते फेकू नको," वहिनी म्हणाल्या. "काकांना दे. त्यांना ठेवायची हौस आहे."